उसन्या स्वरांचे ऋण

मकरसंक्रांतीच्या पहाटे जबलपूरनजीकच्या तिलवारा घाटावर माणसांची रीघ लागते. नागपूरकडे जाणारा हमरस्ता याच ठिकाणी नर्मदा ओलांडतो. घाटावर स्नान होते, नदीला तीळ वाहिले जातात, जत्रा भरते. भोवतालच्या खेड्यांतून येणारे स्त्रीपुरुष वाटेने बंबुलिया गातात. याच गीतांना लमटेरा असेही म्हणतात. ‘टेर’ म्हणजे हाक, आणि लांबवर पोहोचावी म्हणून ताणून दिलेली हाक तो लमटेरा. एक जण ओळ उचलतो, तिचा शेवट हवेत सोडून देतो. मागून येणारे ती ओळ झेलतात व पुढे नेतात. गाणे नर्मदामाईला उद्देशून असते. ते कोणी रचले हे कोणास ठाऊक नसते, आणि कोणी विचारतही नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय वरकरणी या घाटापासून फार दूरचा आहे. विजेवर चालणारे गिटार हाती घेऊन हजारोंच्या सभांपुढे वाजविणारा एक रॉकवादक आयुष्यभर ब्लूज नावाच्या संगीताची भक्ती करतो, ही ती गोष्ट. परंतु ब्लूज हीही मुळात शेतातून आणि रस्त्यावरून दिलेली हाकच होय. ती दुसऱ्याच्या कंठातून व हातातून जगभर गेली. अशा वेळी तिच्यावर प्रेम करणाऱ्याने तिच्या धन्यांचे काय देणे लागते, हा प्रश्न जसा मिसिसिपीच्या काठी उभा राहतो तसाच नर्मदेच्या काठीही उभा राहतो.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी व याझू या दोन नद्यांच्या मध्ये काळ्या कसदार जमिनीचा एक सपाट पट्टा आहे. त्यास डेल्टा म्हणतात. येथे कापूस पिकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस बाजारात येईनासा झाला आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्या युद्धाच्या अखेरीस गुलामगिरी कायद्याने संपली. पण डेल्टातील काळ्या मजुराच्या हाती जमीन आली नाही. तो बटाईने शेती करू लागला. बी-बियाणे, खेचर, मीठमिरची सारे मळेवाल्याकडून उधारीवर घ्यावयाचे आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मांडला की बहुधा देणेच निघावयाचे. या जीवनातून, मजुरांच्या शेतातील आरोळ्यांतून आणि चर्चमधील सामूहिक गायनातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज आकारास आला.

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने तो कसा ऐकला याची हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. १९०३ च्या सुमारास टटविलर या लहानशा स्थानकावर तो आगगाडीची वाट पाहत असता फाटक्या कपड्यांतील एक माणूस शेजारी बसून गिटारच्या तारांवर सुरी घासत गाऊ लागला. गाण्याची एकच ओळ तो तीनदा म्हणे आणि गिटार तिला उत्तर देई. त्या माणसाचे नाव हँडीला कळले नाही. हँडीने पुढे १९१२ मध्ये ‘मेंफिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केला आणि ‘ब्लूजचा जनक’ म्हणून तो ओळखला जाऊ लागला. स्थानकावरील वादक मात्र अनामिकच राहिला.

या संगीताची बांधणी साधी आहे. चार-चार मात्रांचे बारा विभाग मिळून एक आवर्तन होते. षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभे केलेले तीन स्वरसमूह एवढाच त्याचा पाया. रूढ रचनेत पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिचा उलगडा करावयाचा. प्रत्येक ओळीचा पूर्वार्ध गळ्याचा असतो, उत्तरार्ध वाद्याचा. जात्यावर बसलेली बाई ओवीची ओळ घोळवून म्हणते, तेवढ्यात पुढची ओळ मनात जुळते. ब्लूजमधील पुनरुक्तीचेही कार्य काहीसे असेच आहे. त्याचा गंधार तर कोमल व शुद्ध यांच्या दरम्यान कोठेतरी लागतो. पियानोच्या पट्टीवर तो सापडत नाही. तो तार ओढून, किंवा बाटलीची मान बोटात घालून ती तारेवरून घसरवीत काढावा लागतो. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानास हा स्वर परका वाटत नाही. १९९२ मध्ये राय कुडर हा अमेरिकन गिटारवादक आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी एकत्र ध्वनिमुद्रण केले, तेव्हा दोन्हीकडच्या सरकत्या स्वरांची ओळख पटण्यास वेळ लागला नाही. तरीही ब्लूज आणि भारतीय लोकगीत यांचे मूळ एक आहे असे मानण्याचे कारण नाही. उघड्या रानात काम करणाऱ्या वा चालणाऱ्या माणसाला आवाज लांबवावा लागतो, आणि एकट्याचा आवाज पुरत नाही म्हणून दुसऱ्याचे उत्तर लागते. साम्य आहे ते एवढ्यापुरतेच.

डेल्टाच्या या गायकांमध्ये रॉबर्ट जॉन्सनचे नाव आज सर्वांत मोठे आहे. त्याने नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ येथे व जून १९३७ मध्ये डॅलस येथे मिळून २९ गीते ध्वनिमुद्रित केली. १९३८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो वारला. त्यानंतर कापसाच्या मळ्यांतून हजारो काळी कुटुंबे उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेली. स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालविणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधे गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेचे गिटार घेतले. पुढे ज्याला रॉक म्हणू लागले त्याचा बराचसा पाया येथे घातला गेला.

हे संगीत स्वदेशातील गोऱ्या श्रोत्यांनी फारसे ऐकले नव्हते, तेव्हा ते समुद्रापार इंग्लंडमधील काही मुलांनी ऐकले. मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला गेला. १९६२ मध्ये लंडनमधील तरुणांच्या एका वाद्यवृंदाने त्याच्याच एका गीतावरून ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव घेतले. १९६१ मध्ये रॉबर्ट जॉन्सनची जुनी गीते प्रथमच दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने निघाली. तिची एक प्रत सरे परगण्यातील रिप्ली गावच्या एका मुलाच्या हाती पडली. त्याचे नाव एरिक क्लॅप्टन.

क्लॅप्टनचा जन्म ३० मार्च १९४५ चा. आजीआजोबांनी त्याला वाढविले, आणि तेच आपले आईवडील अशी लहानपणी त्याची समजूत होती. आजोबा गवंडीकाम व गिलाव्याचे काम करीत; कलाशाळेतून बाहेर पडल्यावर काही काळ नातूही त्यांच्या हाताखाली राबला. आपल्या घरातील सत्य आपल्यापासून लपविलेले आहे हे कळलेल्या या मुलास जॉन्सनच्या गाण्यात आडपडदा नसलेला एक माणूस भेटला. आरंभी ते संगीत त्याला इतके उग्र वाटले की ते पुरते ऐकवेना. मात्र एकदा ते आवडू लागल्यावर त्याने ते आयुष्यभर सोडले नाही.

या निष्ठेची पहिली परीक्षा लवकरच झाली. १९६३ मध्ये तो ‘यार्डबर्ड्स’ या वृंदात दाखल झाला. १९६५ मध्ये त्या वृंदाने लोकप्रियतेवर नजर ठेवून एक गीत काढले आणि ते गाजले. यशाच्या त्याच घटकेस क्लॅप्टन वृंद सोडून गेला. कारण ते गीत ब्लूज नव्हते. जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या वृंदात त्याने मनाजोगे वाजविले. १९६६ मध्ये ‘क्रीम’ हा वृंद निघाला. त्यात जॉन्सनच्या चौरस्त्यावरील गीताला त्याने विजेच्या गिटारचे प्रचंड रूप दिले. पुढे त्याने इतर प्रकारची कितीतरी गाणी केली, पैसा व कीर्ती मिळविली, मादक द्रव्ये व मद्य यांच्या पायी स्वतःचा नाश करून घेण्याच्या बेतात आला आणि सावरला. मात्र तो फिरून फिरून मूळ ठिकाणी येत राहिला. १९९४ मध्ये त्याने सारी जुनी ब्लूज गीते घेऊन ‘फ्रॉम द क्रेडल’ काढली. २००० मध्ये बी. बी. किंग या वयोवृद्ध वादकासह एक ध्वनिमुद्रिका केली. आणि २००४ मध्ये केवळ रॉबर्ट जॉन्सनची गीते वाजविली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने जे मानले तेच साठीच्या उंबरठ्यावरील माणसाने पुन्हा मानले.

हा इतिहास येथेच थांबविला तर तो एका भक्ताची सुरस कथा ठरेल. परंतु भक्तीची किंमत कोणी दिली आणि लाभ कोणास झाला, हे पाहिल्यावाचून ही कथा पुरी होत नाही.

स्किप जेम्स या गायकाने १९३१ मध्ये काही अपूर्व गीते ध्वनिमुद्रित केली. ती खपली नाहीत आणि तो विस्मृतीत गेला. १९६४ मध्ये काही तरुण चाहत्यांनी त्याला मिसिसिपीतील एका रुग्णालयात शोधून काढले. १९६६ मध्ये ‘क्रीम’ने त्याचे एक गीत आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत घेतले व त्यावर त्याचे नाव घातले. त्या नावामुळे स्वामित्वधन मिळाले आणि कर्करोगाने आजारी असलेल्या जेम्सच्या औषधपाण्यास ते उपयोगी पडले. १९६९ मध्ये तो वारला. आयुष्यातील मोठी कमाई त्याला अशा रीतीने दुसऱ्याच्या आवाजातून झाली. याउलट, ‘लेड झेपेलिन’ या प्रख्यात वृंदाच्या एका गाजलेल्या गीतावर विली डिक्सन या शिकागोच्या गीतकाराचे नाव नव्हते. त्याला १९८५ मध्ये दावा लावावा लागला. १९८७ मध्ये तडजोड झाली. रॉबर्ट जॉन्सनला तर जिवंतपणी काहीच पाहावयास मिळाले नाही. १९९० मध्ये त्याची सर्व गीते एकत्र निघाली व दहा लाखांवर प्रती खपल्या. १९९८ मध्ये न्यायालयाने क्लॉड जॉन्सन यास त्याचा मुलगा व वारस ठरविले. हा गृहस्थ मिसिसिपीत मालमोटारीने खडी वाहून पोट भरीत असे.

ओळीवर एक नाव लिहिणे वा न लिहिणे यात किती अंतर असते ते या उदाहरणांवरून दिसते. लिहिलेल्या नावातून औषधाचा खर्च निघतो. न लिहिलेल्या नावासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

पैशापलीकडेही एक हिशेब आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅम येथील कार्यक्रमात क्लॅप्टनने मद्याच्या अमलाखाली परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध, म्हणजे काळ्या व आशियाई लोकांविरुद्ध, अत्यंत हीन भाषण केले. ज्यांच्या संगीतावर त्याने नाव मिळविले त्यांच्याच वंशबांधवांना देशाबाहेर घालवा असे तो म्हणत होता. हे ऐकून संतापलेल्या लोकांनी त्याच वर्षी वंशद्वेषाविरुद्ध रॉकसंगीताची एक चळवळ उभारली. पुढे २०१८ मध्ये क्लॅप्टनने आपल्या त्या बोलण्याची लाज वाटते असे जाहीरपणे सांगितले. या प्रसंगावरून त्याची ब्लूजवरील निष्ठा खोटी ठरत नाही. परंतु कलेवर प्रेम असणे आणि ती कला निर्माण करणाऱ्यांविषयी बंधुभाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. ध्वनिमुद्रिकेतून आलेले गाणे माणसाला सोडून एकटेच येते. ते ऐकणाऱ्याने त्या माणसापर्यंत आपण होऊन जावे लागते.

भारतातही ब्लूजचे निष्ठावंत आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५ च्या मराठी चित्रपटाचे संगीत ज्या त्रयीने केले तिच्यातील मुंबईचे एहसान नूरानी हे मुळचे रॉक व ब्लूजचे गिटारवादक, आणि चित्रसृष्टीत मान्यता मिळाल्यावरही त्यांनी ब्लूज वाजविणे सोडलेले नाही. शिलाँगच्या रूडी वॉलांग यांनी २००३ मध्ये ‘सोलमेट’ हा ब्लूजचाच वृंद काढला आणि २००७ मध्ये तो मेंफिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जाऊन वाजवून आला. २०११ पासून मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचे महोत्सव झाले व शिकागोचा बडी गाय तेथे वाजवून गेला. तथापि ब्लूजवादकाचे नर्मदेशी असलेले नाते शोधावयाचे तर ते निराळ्याच ठिकाणी सापडते. डेल्टाच्या जागी नर्मदेचे खोरे ठेवले आणि ब्लूजच्या जागी तेथील लोकगीत ठेवले, की राहुल राम यांचे उदाहरण समोर येते.

राहुल राम हे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉकवृंदातील गायक व खर्जाचे, म्हणजे बेस, गिटार वाजविणारे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पर्यावरणातील विषद्रव्यांच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर १९९० नंतरची काही वर्षे त्यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम केले. १९९१ मध्ये ते या वृंदात आले. म्हणजे गिटार आणि खोरे ही दोन्ही त्यांच्या आयुष्यात बरोबरच चालली.

ती वर्षे खोऱ्याला कसोटीची होती. तिलवाराच्या वरच्या अंगास बरगी येथे नर्मदेवरील पहिले मोठे धरण १९९० मध्ये पुरे झाले. त्याच्या पाण्याची झळ जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना पोहोचली. खाली गुजरातेत सरदार सरोवराचे काम चालू होते, आणि त्याच्या फुगवट्याची पहिली चाहूल महाराष्ट्रात अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या आदिवासी गावाला लागली. धरणे व्हावीत की न व्हावीत, पाणी व वीज यांचे मोल कसे करावे, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. येथे ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की गाव उठते तेव्हा केवळ घरे व शेते जात नाहीत. ज्या घाटावर गाणे म्हणावयाचे तो घाट, ज्या वाटेने म्हणत जावयाचे ती वाट आणि ज्याने ओळ झेलावयाची तो शेजारी, ही सारीच पांगतात. लमटेऱ्याला उत्तर देणारा उरला नाही तर ती नुसती हाक होते.

याच खोऱ्यात राहुल राम यांनी रेवामाईचे एक पारंपरिक गीत ऐकले व शिकून घेतले. रेवा हे नर्मदेचेच नाव. गीतात नदीच्या निर्मळ पाण्याची व लाटांची स्तुती आहे. तक्रार नाही, घोषणा नाही. ‘इंडियन ओशन’ने ते आपल्या ‘कंदिसा’ या २००० साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे काम पुढे नेण्यास अनुमती दिली. धरण वाढत गेले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. इकडे गीतही वाढत गेले. ज्यांनी नर्मदा कधी पाहिली नाही अशा महाविद्यालयीन तरुणांच्या सभा ते गीत म्हणू लागल्या. वृंदाचे तालवादक व गायक असीम चक्रवर्ती २००९ मध्ये निवर्तले, संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, पण रेवामाईचे गीत सभेतून गेले नाही.

क्लॅप्टन आणि राहुल राम यांची तुलना गुणवत्तेसाठी नव्हे, क्रमासाठी उपयोगी आहे. एकाला गाणे आधी मिळाले व माणसे फार उशिरा. दुसरा माणसांकडे गेला होता, आणि गाणे त्याला वाटेत मिळाले. पहिल्या क्रमाला दोष देता येत नाही. मेलेल्या रॉबर्ट जॉन्सनला क्लॅप्टन कोठे भेटणार होता? परंतु दुसऱ्या क्रमात गाणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की हे गीत कोणाचे आहे. तो त्या लोकांबरोबर बसला आहे, चालला आहे, जेवला आहे.

एक अडचण मात्र दोहोंच्या पलीकडची आहे. स्किप जेम्सचे नाव लिहिता आले. बंबुलियावर कोणाचे नाव लिहावयाचे? भारतातील १९५७ च्या कायद्याने स्वामित्वाचा हक्क रचनाकाराला दिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी घडविलेल्या गीताला एक रचनाकार नसतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याला धनीच नसतो. ते कोणीही घ्यावे, कोणीही विकावे. जेथे कायदा मुका आहे तेथे घेणाऱ्याची सदसद्‌बुद्धी हाच आधार राहतो. त्याने गीताचा प्रदेश सांगावा, ज्यांच्याकडून ऐकले त्यांना सांगावे, मिळकतीतील काही त्या खोऱ्यात परत जाईल असे पाहावे, आणि ते लोक अडचणीत असतील तेव्हा त्यांच्याविषयी मौन पाळू नये. उसने आणलेले पीठ परत करताना शेजारीण मापावर थोडे अधिक घालून देते, ही आपल्याकडची रीत आहे. स्वरांच्या देवघेवीलाही ती लागू करण्यास हरकत नसावी.

हे ऋण केवळ वादकांवर आहे असे समजून श्रोत्यांनी निश्चिंत होऊ नये. टटविलरच्या स्थानकावरील माणसाचे नाव हँडीने विचारले असते तर इतिहासात एक नाव अधिक राहिले असते. विचारण्यास फार वेळ लागला नसता. गाडी उशिरानेच येणार होती. तिलवाराच्या घाटावरही संक्रांतीला जे गातात त्यांपैकी पुष्कळ जण वृद्ध आहेत. त्यांचे गाणे उद्या एखादा गुणी तरुण विजेच्या गिटारवर वाजवील, आणि ते चांगलेच होईल. त्याआधी कोणी तरी त्यांच्याजवळ बसून, तीळगूळ हातावर ठेवून, त्यांचे नाव, त्यांचे गाव, आणि हे गाणे त्यांनी कोणाकडून घेतले, एवढे विचारून ठेवावे. गाव पाण्याखाली गेलेले असेल तर तेही लिहून ठेवावे.